चॅपलची किल्ली

पुण्यात मी जवळजवळ पस्तीस वर्षे फ्रेंच शिकवली. ऐन उमेदीतले एक वर्ष मला ब्रिटनीत काढायला मिळाले. फ्रान्सचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. वायव्येला जे टोक अटलांटिकमध्ये घुसले आहे, ते ब्रिटनी. तिथे उत्तर किनाऱ्यावरच्या त्रेगोर भागातल्या एका शाळेत मी इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका होते. राहायची सोय झाली ती गावाबाहेर एका जुन्या सरदार घराण्याकडे, पागेच्या माडीवर. भाडे नावापुरते. अट एकच होती. घरच्या बाईंची नजर अधू झाली होती, त्यांना रोज संध्याकाळी तासभर वाचून दाखवायचे.

त्या तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होत्या. मी त्यांना शेवटपर्यंत ‘मादाम’च म्हणाले. उताराच्या खाली एक शेतकरी कुटुंब राहत होते. तिथल्या बाई मादामच्याच वयाच्या. त्यांच्याविषयी इथे बरेच येईल, कारण वरच्या घराची गोष्ट खालच्या घरावाचून सांगताच येत नाही. त्या वर्षानंतरही उन्हाळी सुटीत जमेल तशी मी जात राहिले. वहीत टिपून ठेवलेले काही इथे देते. घराण्याचे नाव सांगत नाही. मादामना ते आवडले नसते.

१. घराणे मोठे म्हणून घर मोठे असेलच असे नाही

लुआर नदीकाठच्या राजवाड्यांची चित्रे मी वर्गात दाखवत असे. तसेच काही बघायला मिळेल अशा अपेक्षेने गेले, आणि पुढ्यात आले ग्रॅनाइटचे दुमजली घर. काळसर पाटीच्या दगडाचे छप्पर, जिन्यापुरता एक बुरूज, आणि बाजूला कबुतरे नसलेला गोल कबुतरखाना. कधीकाळी कबुतरखाना बांधणे हा मान होता, ज्याच्याकडे सरंजामी जमीन आहे त्यालाच तो हक्क. हिवाळ्यात त्या घरात दोनच खोल्या ऊबदार असत, स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली बैठकीची छोटी खोली. बाकी घरात बोलताना तोंडातून वाफ निघे. मादाम अंगावर दोन स्वेटर चढवून विस्तवाजवळ बसत आणि मी वाचत असताना हाताच्या सवयीने मोजे रफू करत. डोळ्यांना दिसत नव्हते, पण टाके सरळ पडत.

ब्रिटनीत सरदार घराणी फार आणि त्यांतली बरीचशी गरीब. तरी प्रांताच्या सभेत बसण्याचा हक्क त्यांतल्या प्रत्येकाला होता. कमरेला तलवार लावून नांगर धरणाऱ्या पूर्वजाची गोष्ट मादाम सांगत, आणि ती सांगताना त्यांचा कणा ताठ होई. इतरत्र फ्रान्समध्ये सरदाराने दुकानदारी केली तर सरदारकी जायची. ब्रिटनीच्या रिवाजाने यातून वाट काढली होती. व्यापार चालू असेपर्यंत सरदारकी ‘झोपलेली’ धरायची, इतर प्रजेसारखा कर भरायचा, आणि व्यापार थांबवला की रीतसर कळवून ती पुन्हा जागी करायची. मादामच्या घराण्यातल्या एकाने असे लिननच्या कापडाच्या व्यापारावर घर सावरले होते. ते त्या लपवत नसत.

झाकपाक त्यांना मुळीच खपत नसे. शातोब्रियाँ हा ब्रिटनीचा थोर लेखक, १७६८ साली साँ-मालो बंदरात जन्मलेला. त्याच्या आठवणी मी त्यांना वाचून दाखवत होते. वडिलांनी १७६१ मध्ये कोंबूरचा किल्ला विकत घेतला, त्या घराचा विषय निघाला. मादामनी मला थांबवले. म्हणाल्या, “तो किल्ला जहाजांच्या पैशावर घेतला. त्यांत गुलाम वाहून नेणारी जहाजेही होती. हे लक्षात ठेवून पुढे वाचा.”

२. अहोजाहोने माया कमी होत नाही

त्या घरात मुले आईवडिलांना ‘तुम्ही’ म्हणत. नवराबायकोही एकमेकांना ‘तुम्ही’च. शाळेतल्या माझ्या सहकारी शिक्षकांना हे फार जुनाट आणि थंड वाटे. मला नाही वाटले. माझी आई माझ्या वडिलांना जन्मभर ‘अहो’ म्हणत आली, आणि आम्ही भावंडेही वडिलांना अहोजाहोच करत होतो.

एकदा मादामचा सहा-सात वर्षांचा नातू सायकलवरून पडला. गुडघा चांगलाच फुटला होता. रडत, नाक ओढत तो आईकडे धावला आणि हुंदके देत म्हणाला, “ममाँ, तुम्ही बघा ना, तुम्ही बघा ना!” आईने त्याला उचलून ओट्यावर बसवले, जखम धुतली, आणि तिनेही त्याला समजावले ते ‘तुम्ही’ म्हणूनच. त्या ‘तुम्ही’त किती जवळीक होती ते मी डोळ्यांनी पाहिले. पुढे वर्गात फ्रेंचमधला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ शिकवताना मी पुस्तकातला नियम सांगून झाला की हा गुडघा सांगत असे.

३. घरची भाषा बहुतेक वेळा घराबाहेरून आलेली असते

हे कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मादामना उत्तम ब्रेतॉन येई. ही भाषा फ्रेंचच्या कुळातली नव्हे. वेल्श आणि कॉर्निश या तिच्या बहिणी. जेवणाच्या टेबलावर त्या मला शब्द शिकवत. पाव म्हणजे ‘बारा’, लोणी म्हणजे ‘आमान’, मीठ ‘होलेन’, विस्तव ‘तान’. मला वाटले, पाचशे वर्षे इथे असलेले घराणे, तेव्हा भाषा वाडवडिलांकडून आली असणार. तसे नव्हते. त्यांच्या आईवडिलांची आपसातली भाषा फ्रेंच. ब्रेतॉन आली ती दाईकडून, स्वयंपाकीणबाईंकडून, अंगणात काम करणाऱ्या गड्यांकडून. दिवाणखान्यात फ्रेंच, स्वयंपाकघरात ब्रेतॉन, अशी घराचीच वाटणी होती.

खालच्या शेतावरच्या बाईंची गोष्ट वेगळी. त्यांची मातृभाषा ब्रेतॉन, आणि शाळा पूर्ण फ्रेंच. तोंडातून ब्रेतॉन शब्द गेला की गुरुजी गळ्यात जुना लाकडी बूट अडकवत. दुसरे कोणी बोलताना सापडले की तो त्याच्या गळ्यात. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात बूट, त्याला शिक्षा. पोरांनी पोरांवर पाळत ठेवायची, अशी ती रीत. बाईंनी हे मला सांगितले ते शेंगा सोलता सोलता, मान वर न करता. आपल्या मुलांशी त्या फ्रेंचच बोलल्या. अशी हजारो घरे होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा लाखांच्या वर लोक ब्रेतॉन बोलत. २०१८ च्या पाहणीत ते दोन लाखांच्या आसपास उरले होते, आणि त्यांत म्हातारी माणसेच अधिक.

मादाम त्या शाळेत गेल्याच नाहीत, त्यांना घरी शिकवायला बाई येत. एका संध्याकाळी त्यांनी मला वाचन थांबवायला सांगितले आणि म्हणाल्या, “तेच शब्द. माझ्या तोंडून निघाले की पाहुणे कौतुक करायचे, तिच्या तोंडून निघाले की गळ्यात बूट. ती आणि मी एका वयाच्या.” मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

ब्रिटनीतल्या गाण्यांचा पहिला गाजलेला संग्रह ‘बार्झाझ ब्रेझ’ १८३९ साली निघाला. तो काढणारा तेओदोर एर्सार द ला व्हिल्मार्के सरदार घराण्यातलाच. त्याची आई आजारी गोरगरिबांना औषधपाणी करी, आणि दारी येणाऱ्या त्या लोकांकडून तिने गाणी ऐकली, उतरवून घेतली. पुढे विद्वानांनी आरोप केला की ही गाणी त्याने स्वतःच रचली. वाद शंभर वर्षे चालला. १९६४ मध्ये दोनासियाँ लोराँ या संशोधकाला घराण्याकडे जपलेल्या त्याच्या टिपणवह्या सापडल्या, तेव्हा कळले की त्याने पुष्कळ गाणी खरोखर लोकांच्या तोंडून ऐकली होती, आणि मग त्यांवर हात फिरवला होता. मादामना या गोष्टीतली ती आई फार जवळची वाटे. पण त्या नेहमी एक विचारत: पुस्तकावर मुलाचे नाव आले, गाणारणींची नावे कुठे गेली?

ब्रेतॉनमध्ये शब्दाचे पहिले अक्षर मागच्या शब्दाप्रमाणे बदलते. डोके म्हणजे ‘पेन’. पण ‘माझे डोके’ म्हणताना ‘मा फेन’, आणि ‘त्याचे डोके’ म्हणताना ‘ए बेन’. मादाम कधी कधी इथे चुकत. शेतावरच्या बाई आपले काम न थांबवता शब्द दुरुस्त करत आणि मादाम तो पुन्हा म्हणत, शाळेतल्या मुलीसारखा. १९७७ पासून ब्रिटनीत ‘दिवान’ नावाच्या शाळा निघाल्या, तिथे ब्रेतॉन माध्यमातून शिकवतात. मादामची एक नात त्या शाळेत गेली. पहिल्याच सुटीत मादामनी तिला शेतावर पाठवले, “त्यांच्याशी बोलून ये,” म्हणून. बाईंनी मुलीचे बोलणे ऐकून घेतले, तिला सायडर घातलेला केक दिला, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

४. हट्टाला निष्ठा म्हणू नये

‘पेन कालेद’, म्हणजे टणक डोक्याचा. ब्रेतॉन माणसे स्वतःला अभिमानाने असे म्हणवतात. ब्रिटनीचे जुने चिन्ह म्हणजे एर्मिन हा पांढरा केसाळ प्राणी, आणि त्याखाली ब्रीद: डाग लागण्यापेक्षा मरण बरे. राणी आन ही ब्रिटनीची शेवटची स्वतंत्र डचेस; लागोपाठ फ्रान्सच्या दोन राजांशी तिची लग्ने झाली. तिच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, १५३२ मध्ये, ब्रिटनी फ्रान्सला कायमची जोडली गेली. तरी या घरात तिचा उल्लेख ‘आपली डचेस’ असाच होई.

घराण्यातला एक तरुण १७९५ च्या जुलैत फ्रेंच क्रांतीविरुद्ध राजनिष्ठांनी केलेल्या किबेरोंच्या फसलेल्या स्वारीत पकडला गेला आणि गोळ्या घालून मारला गेला. असे साडेसातशेच्या आसपास लोक तेव्हा मारले. ओरे गावाजवळच्या स्मारकात नावे कोरलेली आहेत, मादाम तिथे जाऊन आपल्या माणसाच्या नावावर बोट ठेवून येत. ती निष्ठा मी समजू शकत होते.

पण त्याच घराण्यात दोन सख्खे भाऊ, मादामचे दीर, वाटणीवरून वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. क्रांतीच्या काळात सर्व मुलांना सारखा हिस्सा मिळू लागला, तेव्हापासून अशा घरांत हे दुखणे आहेच. भांडण होते घरापुढच्या बीचच्या झाडांच्या रांगेवरून. एकाला ती तोडून विकायची होती, दुसऱ्याला राखायची होती. १९८७ मध्ये १५ ऑक्टोबरच्या रात्री ब्रिटनीवरून मोठे वादळ गेले. सकाळी सगळी रांग आडवी झाली होती. दोघे भाऊ करवती घेऊन आपापल्या घरून आले, दिवसभर एकाच खोडाच्या दोन टोकांना काम करत राहिले, संध्याकाळी स्वयंपाकघरात एकाच भांड्यातले सूप प्याले, आणि न बोलता गेले. धाकटा त्याच हिवाळ्यात वारला. मादाम हे सांगत तेव्हा त्यांचा आवाज कापे. “एक शब्द,” त्या म्हणत. “हवामानाविषयीचा चालला असता.”

५. खाण्याच्या सवयीमागे बहुधा कर असतो

ब्रिटनीत लोणी खारेच. बिनमिठाचे लोणी टेबलावर आलेले मी त्या घरात कधी पाहिले नाही. जुन्या राजवटीत फ्रान्सच्या बऱ्याच भागांत मिठावर जबर कर होता, ब्रिटनीला त्यातून सूट होती, म्हणून लोणी टिकवायला इथे मीठ सढळ हाताने वापरता आले. बकव्हीटच्या काळ्या पिठाची गालेत, तव्यावर उलटलेली, वर खाऱ्या लोण्याचा गोळा. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा घावनाची आठवण येऊन घशात काहीतरी दाटले.

६. जुन्या घराने आपले येणे जपले असेल तर देणेही जपावे

खालच्या ब्रिटनीत, म्हणजे पश्चिमेच्या ब्रेतॉन बोलणाऱ्या भागात, जमीन कसण्याची एक निराळी पद्धत होती. जमीन धन्याची, तिच्यावरचे घर, गोठा, मातीचे बांध कुळाचे. ओक-बीचची मोठी झाडे पुन्हा धन्याची. धन्याला कूळ काढायचे असेल तर कुळाने उभारलेल्या साऱ्याची किंमत मोजून द्यावी लागे. कागदावर ते न्याय्य दिसते. पण काढण्याचा हक्क शेवटी धन्याचाच.

मादामकडे कुळांकडून येणाऱ्या वसुलीच्या जुन्या वह्या होत्या. अक्षर लागायला महिना गेला, मग मी त्या वाचू लागले. ओटची मापे, कोंबड्या, गाडीबैलासकट वेठीचे दिवस. १६७५ मध्ये याच ओझ्याखाली मध्य आणि पश्चिम ब्रिटनीतले शेतकरी लाल टोप्या घालून उठले होते, सरदारांच्या घरांवर चालून गेले होते. राजाच्या सैन्याने उठाव मोडला आणि शिक्षा म्हणून काही चर्चचे मनोरेही पाडले.

एका पानावर शेतावरच्या बाईंच्या घराण्याचे नाव निघाले. मादामनी दुसऱ्याच दिवशी त्यांना वर बोलावले, चांगल्या खुर्चीत बसवले आणि मला ते पान मोठ्याने वाचायला लावले. दोन कोंबड्या, ओट, गाडीचे तीन दिवस. बाईंनी सगळे ऐकले. मग एवढेच म्हणाल्या, “बांध मात्र आमचे होते.” ते बांध त्यांच्या सासऱ्यांच्या हातचे होते, आणि जमिनींच्या एकत्रीकरणाच्या काळात बुलडोझरने सपाट केले होते. मादामनी त्यांचा हात हातात घेतला.

७. पाहुण्याला त्याचे काही आपल्याकडे असेल तर दाखवावे

ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावरचे लोरियाँ हे शहर १६६६ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठी वसले. नावाचाच अर्थ ‘पूर्व’. मी निघायच्या आदल्या रात्री मादामनी कपाटातून मऊ कागदात गुंडाळलेला हातभर छापील सुती कापडाचा तुकडा काढला. लाल फुले, निळ्या वेली, कडेला जीर्ण झालेला. घराण्यातले कोणी कंपनीच्या जहाजावर होते, त्यांनी आणलेला. “हे तुमच्याकडचे,” त्या म्हणाल्या. “विणणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.” मी त्यावर तळहात ठेवला. खादीसारखे नव्हते, त्याहून कितीतरी तलम होते.

८. जत्रेत आपली जागा विचारून घ्यावी

मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी त्रेगिए गावात संत इव्हचा ‘पार्दों’ भरतो, म्हणजे जत्राच. हा तेराव्या शतकातला धर्मगुरू आणि न्यायाधीश, जवळच्याच केरमार्तँ या सरदार घरातला मुलगा, आणि गरिबांचे खटले फुकट लढवणारा. १३०३ मध्ये वारला. चर्चमधल्या मूर्तींत तो एका बाजूला श्रीमंत आणि दुसऱ्या बाजूला गरीब असा मधोमध उभा असतो. वकिलांचा हा देव, म्हणून काळे झगे घातलेले वकील दूरदूरच्या देशांतून येतात आणि त्याची कवटी सोनेरी पेटीत घालून मिरवतात.

मादाम मिरवणुकीत शेतावरच्या बाईंच्या मागे चालत. पुढच्या रांगेत यायला कोणी सुचवले तर मान हलवत. त्याचे कारण मला पुढे कळले.

९. किल्ली

घराण्याचे एक लहानसे चॅपल आहे, ओकच्या झाडांत. पण त्याची किल्ली वरच्या घरात नसते, खालच्या शेतावर असते. क्रांतीच्या काळात घरचे लोक जर्सी बेटावर पळाले. चॅपल बंद पडले. शेतावरच्या कुटुंबाने आतली संत आनची, त्या डचेसची नव्हे, लाकडी मूर्ती ओटच्या कणगीत लपवली आणि किल्ली चुलीच्या दगडामागे. घरचे लोक काही वर्षांनी परतले तेव्हा मूर्ती मिळाली. किल्ली त्यांनी परत मागितली नाही. तेव्हापासून चॅपल उघडायचे असेल तर घरच्या माणसाने उतार उतरून जायचे आणि किल्ली मागायची. बाप्तिस्मा असो, लग्न असो, पाऊस असो.

मादाम गेल्या तेव्हा योगायोगाने मी तिथे होते. शवपेटी रात्रभर चॅपलमध्ये ठेवायची त्या घरची चाल. थोरला मुलगा, नौदलातून निवृत्त झालेला, साठीचा माणूस, संध्याकाळी किल्ली मागायला निघाला; मला म्हणाला, “तुम्हीही चला.” आम्ही अंगणात पोचलो तर बाई काळे कपडे घालून दारातच उभ्या होत्या. त्याने टोपी काढली आणि मागणी केली, ब्रेतॉनमध्ये, आईने शिकवली असणार त्या शब्दांत. बाईंनी खिळ्यावरची किल्ली काढली, पण त्याच्या हातात दिली नाही. “मीच उघडते,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आटोपल्यावर त्यांनीच चॅपलला कुलूप लावले. दार दोनदा ढकलून पाहिले. किल्ली पिशवीत टाकली. मुलाने हात पुढे केला, त्याच्या हाताला धरून त्या उतार उतरू लागल्या. तो आईविषयी काहीतरी सांगत होता. बाई मध्येच थांबल्या, त्याचा एक शब्द दुरुस्त केला, आणि त्याने तो पुन्हा म्हटला.